डिझेलच्या नावानं एक मिनिट

आधी पायांकडे बघा. घरून निघताना घातलेल्या चपला इथे चालायच्या नाहीत. बर्फ घोट्याच्या वर आलाय आणि काल मध्यरात्री उडवलेल्या फटाक्यांचे लाल कागद त्यात अर्धवट रुतून बसलेत. कानटोपी खाली ओढा, हात खिशात घाला. हे हॅम्बुर्ग, पश्चिम जर्मनी. १ जानेवारी १९७९, पहाटेचे पाच. समोरच्या औषधांच्या दुकानाबाहेरचा तापमापक उणे पंधरा दाखवतोय.

नाताळात इथे पावसाळी, दमट हवा होती. मग २८ डिसेंबरला बाल्टिक समुद्राच्या बाजूनं थंडी खाली उतरायला लागली. तिच्या वाटेतल्या गावांचा पारा काही तासांत वीस-वीस अंशांनी पडला. वर डेन्मार्कच्या सीमेकडे, श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये, वाऱ्यानं रचलेले बर्फाचे ढीग छपरांना टेकलेत, विजेच्या तारा तुटल्यात, आगगाड्या रुळांवर अडकून पडल्यात आणि वाट काढायला सैन्याच्या चिलखती गाड्या रस्त्यावर आल्यात. ती गोष्ट मोठी आहे, पण तुम्हाला इथे आणलंय ते या गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या एका टॅक्सीसाठी.

रंग हस्तिदंती. १९७१ पासून इथल्या टॅक्सींना हाच रंग सक्तीचा. मर्सिडीज २४० डी, १९७४ च्या सुमाराची, म्हणजे आजच्या तारखेला वापरून वापरून मुरलेली. चार सिलिंडर, २.४ लिटर, ६५ अश्वशक्ती. हो, पासष्टच. आपल्याकडे मर्सिडीज म्हटलं की शेठजी डोळ्यांपुढे येतात. इथे ती औताच्या बैलासारखी राबते, आणि बैलाच्या पाठीवर टाकावी तशी तिच्या बोनेटवर एक जुनी घोंगडीही टाकलेली आहे. रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा खोचलाय.

पाठीमागच्या इमारतीचं दार उघडतं. साठीकडे झुकलेला एक माणूस बाहेर येतो. छातीशी काहीतरी गुंडाळून धरलंय, तान्ह्या पोराला धरावं तसं. जवळ आल्यावर दिसतं की ती बॅटरी आहे. पंचवीस-एक किलोची, रात्रभर स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला ठेवलेली. तिसऱ्या मजल्यावरून तो ती उतरवून आणतोय.

“मोइन,” तो म्हणतो. इथे सकाळ असो की रात्र, नमस्कार हाच. “धरा जरा.” आणि टॉर्च तुमच्या हातात येतो. भाषेची अडचण तुम्हाला येणार नाही, तेवढी सोय मी करून ठेवली आहे.

बॅटरी का उचलून नेली होती, हे विचारू नका, तो हसेल. शिशाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे अठराच्या आसपास तिच्यात जेमतेम निम्मी ताकद उरते. आणि नेमकी त्याच वेळी इंजिन फिरवायला दुप्पट-तिप्पट जोर हवा असतो. का, ते तो आत्ता दाखवेल. त्यानं बोनेट उघडलंय, ऑइलची पट्टी बाहेर ओढली आहे. टॉर्च इकडे. तेल पट्टीवरून थेंबाथेंबानं पडत नाही, लोंबतं. गुऱ्हाळावरची काकवी मडक्यातून काढताना जशी तार धरते, तसं. या काकवीत चार पिस्टन आणि एक जाडजूड क्रँकशाफ्ट बुडालेत, आणि अर्ध्या ताकदीच्या बॅटरीनं ते फिरवायचेत.

“आणि डिझेल?” तुम्ही विचारता, कारण इंधन गोठतं एवढं तुम्हाला ऐकून माहीत आहे.

गोठतं म्हणजे बर्फ होत नाही. थंडीत खोबरेल तेलाची बाटली कशी होते, आठवा. आधी पांढुरकी झाक येते, मग कण धरतात, मग बाटली उलटी केली तरी काही पडत नाही. डिझेलमध्ये मेण असतं. पारा उतरला की त्याच्या पापड्या धरतात आणि गाळणीच्या कागदावर जाऊन बसतात. टाकीत डिझेल भरलेलं, पण इंजिनला थेंब नाही. आपले मिस्त्री अशा वेळी ‘एअर धरली’ म्हणून हातपंप मारत बसतील, आणि दोष हवेचा नसून मेणाचा असेल. या माणसानं काल संध्याकाळीच टाकीत काही लिटर साधं पेट्रोल ओतून ठेवलंय. ऐकून दचकू नका. या गाड्यांच्या हस्तपुस्तिकेतच तशी परवानगी आहे, ठरावीक मर्यादेपर्यंत. पेट्रोलनं मेण पातळ राहतं. पंपाला मात्र ते मानवत नाही, कारण डिझेल हे त्या पंपाचं वंगणही असतं. म्हणून गरज असेल तेव्हाच, गरजेपुरतं.

आता बॅटरी बसली, तारा आवळल्या. तो आत बसतो आणि डॅशबोर्डावरचा एक खटका बाहेर ओढतो, पहिल्या टप्प्यापर्यंत. शेजारी एका बारीक जाळीमागे वेटोळं केलेली तार आहे, मिठाच्या डबीच्या झाकणाआड असावी तशी. ती लाल व्हायला हवी.

ती काळीच राहते.

तो एक शब्द उच्चारतो. त्याचं भाषांतर मी करणार नाही.

टॉर्च पुन्हा इंजिनवर धरा. डाव्या-उजव्याचा घोळ नको, पोलादी नळ्या जिथे डोक्यात शिरतात त्या बाजूला. चार नळ्या, चार सिलिंडर. प्रत्येकाजवळ एक तिरका बसवलेला प्लग, आणि एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलेली एकच जाड तार. आपले फिटर याला हीटर प्लग म्हणतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे, कारण पेट्रोल गाडीच्या प्लगसारखी ठिणगी हा पाडत नाही. हा फक्त तापतो. या जुन्या गाड्यांत चारही प्लग एका ओळीत जोडलेले. दिवाळीची जुनी माळ आठवते? एक बल्ब गेला की सगळी माळ अंधारात. तोच न्याय इथे, आणि जाळीमागची ती तारही त्याच माळेत आहे.

माळ दुरुस्त करायची रीतही तीच. बल्ब एकेक करून तपासायचा. तो पान्याच्या दांड्यानं पहिल्या प्लगची दोन टोकं जोडतो, तुम्ही आत वाकून जाळीकडे बघायचं. काळी. दुसरा प्लग. काळी. तिसरा, आणि तुम्ही ओरडता, “लाल! लाल झाली!” म्हणजे मेला तो तिसरा. पान्यानं त्याला वळसा घातला आणि वीज पुढे गेली.

प्लग काढायला दहा मिनिटं लागतात, आणि ही दहा मिनिटं तुमच्या लक्षात राहतील. उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावू नका, कातडी चिकटते. तो बोटं कापलेल्या हातमोज्यांची जोडी घालून काम करतोय, दर मिनिटाला बोटं तोंडाशी नेऊन फुंकर मारतोय. शेवटी प्लग बाहेर येतो. टॉर्चच्या उजेडात नीट बघा. टोकाला उघड्या तारेचं वेटोळं, लहान मुलीच्या कानातल्या रिंगेएवढं. ते एका जागी जळून तुटलंय. एवढ्याशा तुटीपायी टनभराहून जड गाडी जागची हलत नव्हती. त्याच्या खिशात दुसरा प्लग आहे. असतोच. जुन्या डिझेलवाल्याच्या खिशात रुमाल नसेल एक वेळ.

पुन्हा खटका. यावेळी जाळीमागे अंधारात एक रेघ उमटते, मंद तांबूस, मग लाल.

“आता गप्प बसायचं,” तो म्हणतो. “रुडॉल्फ डिझेल स्मृती-मिनिट.”

हा विनोद त्याचा एकट्याचा नाही, साऱ्या जर्मनीचा आहे. डिझेल गाडीत बसलं की खटका ओढून थांबावं लागतं, कुणी गेल्यावर मौन पाळतात तसं, म्हणून त्या थांबण्यालाच हे नाव. पेट्रोलवाले चिडवतात आणि डिझेलवाले मुकाट मिनिट मोजतात. उणे पंधरात एक मिनिट पुरणार नाही, थोडं जास्तच धरा. तेवढ्या वेळात आपण जाऊन येऊ.

आउग्सबुर्ग, १७ फेब्रुवारी १८९७. कारखान्याच्या दालनात तीन मीटर उंच लोखंडी धूड उभं आहे, एकच सिलिंडर, शेजारी प्रचंड चाक. म्यूनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर वही घेऊन मोजमाप करतायत, आणि कोपऱ्यात, चष्मा लावलेला, अगदी नीटनेटका, रुडॉल्फ डिझेल उभा आहे. अजून चाळिशीही नाही. आज त्याला कळणार आहे की इंधनातल्या ऊर्जेच्या शंभर भागांपैकी सव्वीस भाग या यंत्रानं कामाला लावले. वाफेची इंजिनं तेव्हा दहाच्या आसपास अडकलेली. त्याच्या यंत्रात ठिणगी नाही, वात नाही, ज्योत नाही. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेल सोडायचं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून हवा भरली की पंप खाली गरम लागतो ना? तेवढंच, पण टोकाला नेलेलं.

पण एक गोष्ट बघून ठेवा. इथे दालन उबदार आहे. इंजिन सुरू करायला दाबलेल्या हवेची टाकी जोडलीय. तेल आत उडवायलाही दाबलेली हवा लागते, त्यासाठी वेगळा पंप. हे सगळं गाडीत कसं बसायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

तो सुटला मानहाइममध्ये. १९०९ साली बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या अभियंत्यानं सिलिंडरच्या डोक्यात एक छोटी कोठडी काढली. तेल आधी या कोठडीत पेटायचं आणि तिथून ज्वाळा मुख्य सिलिंडरमध्ये झेपावायची. हवेच्या पंपाची गरज संपली, आवाज मऊ झाला. पुढे बॉशनं १९२७ मध्ये तेल मोजून सोडणारा पंप कारखान्यातून काढायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजची डिझेल मोटार लोकांपुढे आली, २६० डी. पुष्कळशा टॅक्सी झाल्या. तिच्यापासून तुमच्या या हॅम्बुर्गच्या गाडीपर्यंत सरळ वंशावळ आहे.

आणि तिथेच या थंडीच्या भानगडीचं मूळ आहे. त्या कोठडीला भिंती फार. थोडीशी हवा, चहूबाजूंनी लोखंड. उन्हाळ्यात ते गुणाचं, हिवाळ्यात ते चोर. उष्णतेचा हिशोबच करून बघा. पंधरा अंशांच्या हवेला एकवीस पट दाबलं की ढोबळमानानं साडेचारशे अंशांपर्यंत ती तापते. डिझेल पेटायला सव्वादोनशेच्या आसपास लागतं, तेव्हा भरपूर शिल्लक. आता सुरुवातच उणे पंधरापासून करा. मुद्दलात तीस अंश कमी, पण पिस्टन वर पोचेपर्यंत त्याचे पंचाहत्तर होतात. तरीही पेटायला हवं. पण काकवीत अडकलेलं इंजिन हळू फिरतं. हळू फिरलं की गोठलेल्या भिंतींना उष्णता प्यायला वेळ मिळतो, आणि पिस्टनच्या कडेनं दाबही निसटतो. मग शेवटी हवा दोनशे अंशांच्या घरात येऊन ठेपते. तेल आत पडतं, भिजतं आणि धूर होऊन निघून जातं. तो प्लग त्या कोठडीत एका जागी निखारा धरून बसतो, एवढंच त्याचं काम.

परत चला. जाळीमागची तार आता नारिंगी आहे. तो खटका पूर्ण ओढतो. सेल्फ फिरतो... फिरतो म्हणजे कण्हतो. रुं... रुं... रुं. एकदा दचका बसतो, गाडी अंग हलवते, मागून पांढराशुभ्र धूर लोळतो. तो न जळलेल्या डिझेलचा तुषार आहे, डोळ्यांना झोंबतो. दोन सिलिंडर पेटले, दोन नाही. इंजिन दम सोडतं.

तो सेल्फ लगेच सोडतो. इथेच शहाणा आणि उतावळा वेगळे होतात. उतावळा बॅटरी संपेपर्यंत खटका ओढून ठेवतो. हा थांबतो, बॅटरीला श्वास घेऊ देतो आणि पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतो. पुन्हा एक मिनिट.

या दुसऱ्या मिनिटात तो बोलतो. तुम्ही विचारलंत म्हणून नव्हे, बोटं तोंडाशी धरून फुंकताना आपसूक. “मॉस्कोजवळ आम्ही याच्या खाली आग लावायचो.” एक्केचाळीसचा डिसेंबर. तेव्हा तो विशीत होता. तिथे जाऊ नका फार वेळ. फक्त बघून घ्या. ट्रकांच्या ऑइलच्या तळाखाली खड्डे, खड्ड्यांत पेटवलेला कचरा आणि लाकूड, त्यावर वाकलेली, डोळे तांबारलेली पोरं. ग्रीस दगड झालेलं. काही इंजिनं रात्रभर चालूच ठेवायची, बंद केली तर सकाळी उठायची नाहीत, आणि त्यात इंधन संपत चाललेलं. समोरच्या बाजूला रशियाच्या टी-३४ रणगाड्यांत डिझेल इंजिनं होती आणि सेल्फ थकला तर दाबलेल्या हवेच्या बाटल्या जोडीला. आउग्सबुर्गच्या दालनातली ती युक्ती इथे बर्फात कामाला आली होती. तो पुढे काही सांगत नाही. जाळीकडे बघतो.

(आगीचं म्हणाल तर आजही थंड प्रदेशातले ट्रकवाले टाकीखाली शेकोटी करतात, आणि त्यातल्या काहींचे ट्रक शेकोटीतच जातात. त्याहून नेमकी युक्ती अमेरिकेत निघाली. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावी ग्रामीण वीज सहकारी संस्थेचा कारभार बघणाऱ्या अँड्र्यू फ्रीमननं इंजिनच्या डोक्याचा एक बोल्ट काढून त्याजागी विजेचा हीटर बसवला, १९४९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. रात्री गाडी भिंतीच्या सॉकेटला जोडून ठेवायची, सकाळी इंजिन कोमट. उत्तरेकडच्या गावांत आजही गाड्यांच्या तोंडातून प्लगची वायर लोंबताना दिसते. सहकारातून काय काय निघतं, हे आपल्याला सांगायला नको.)

तार पुन्हा नारिंगी. खटका. रुं... रुं... ठक. ठक-ठक. एक सिलिंडर, मग दुसरा एक, मग आणखी एक धडपडत, आणि सर्वांत शेवटी तो, जिथे नवा प्लग बसला. ठक-ठक-ठक-ठक. गल्लीत कुणी लोखंडी पत्र्यावर खिळे ठोकावेत तसा आवाज. जर्मनांनी या आवाजाला क्रियापदच दिलंय: ‘खिळे ठोकणं’. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडते, कुणीतरी ओरडतं, आणि पुन्हा बंद होते. नव्या वर्षाच्या पहाटे पाचला ओरडायचा हक्क आहे त्याला.

तो रेस करत नाही. तुम्हाला वाटेल, अशीच उभी ठेवून तापवायची असेल. तेही नाही. डिझेल इंजिन रिकामं चालताना इतकं थोडं तेल जाळतं, आणि हवा मात्र पूर्ण आत घेतं, की तासभर उभं केलं तरी ते नीट तापत नाही. एक-दोन मिनिटं, तेल वर चढेपर्यंत. मग हळू निघायचं, अंगावर ओझं घेऊन. म्हशीलाही चालवल्याशिवाय ऊब येत नाही. पुठ्ठा जाळीपुढे तसाच राहू दे, तो उतरवायचा विचार फेब्रुवारीत.

“कुठे सोडू?” तो विचारतो. बसा. मागची सीट बर्फाहून थंड आहे, आणि हीटरमधून येणारी हवा वीस मिनिटांनी कोमट होईल. गाडी वळणावर घसरते, सावरते. हॅम्बुर्गच्या दिव्यांत बर्फ पिवळा दिसतोय. रेडिओवर उत्तरेकडची बंद रस्त्यांची यादी चालू आहे. डोळे मिटू नका, कारण ही ठक-ठक आता तुम्हाला एका अशा ठिकाणी नेणार आहे की जिथे तुम्ही ती ओळखाल.

ऐकलीत? तोच आवाज. पण बाहेर बर्फ नाही, द्राक्षबागा आहेत. जाळ्यांवर दव, बागेच्या कडेनं पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर खाली साचलेला, कारण थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागलाय. निफाड, नव्वदीच्या दशकातला एक जानेवारी. पारा चार-पाच अंशांवर, म्हणजे महाराष्ट्रासाठी गोठण. फाट्यावर एक ट्रॅक्स उभी आहे, वडापची. आत चौदा माणसं, टपावर दोन पोती आणि एक सायकल.

हे इंजिन तुम्ही मघाशी टॉर्च धरून बघितलंत. या इंजिनाला मर्सिडीजच्या कागदपत्रांत ओएम ६१६ असं नाव आहे. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या आकुर्डीतल्या बजाज टेम्पोनं डाइमलर-बेन्झच्या परवान्यानं ते बनवायला घेतलं, आणि टेम्पो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समधून ते महाराष्ट्राच्या प्रत्येक फाट्यावर पोचलं. लग्नाचं वऱ्हाड, अष्टविनायक, शाळेची पोरं, बाळंतीण, कांद्याची पोती, सगळं त्यावर गेलं. हॅम्बुर्गचा टॅक्सीवाला आणि निफाडचा वडापवाला यांची भेट झाली असती तर त्यांचं बोलणं प्लग आणि डिझेल पंपावरच सुरू झालं असतं, आणि तासाभरानं संपलं असतं. माझ्या मामांनी अशी एक ट्रॅक्स बारा वर्षं चालवली आणि ती मर्सिडीजचीच आहे असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. ते खरं होतं.

ड्रायव्हर किल्ली अर्धी फिरवतो, डॅशबोर्डावरचा हीटरचा दिवा पेटतो. ओढायचा खटका गेला, आता सगळं किल्लीवर. १९८० च्या सुमारास प्लगही बदलले. उघड्या तारेऐवजी पेन्सिलीसारखी बंद कांडी, मिनिटाऐवजी काही सेकंद. आणि चारही आता वेगवेगळे, थेट बॅटरीला. एक गेला तरी बाकी तीन तापतात.

मागून कुणीतरी म्हणतं, “मारा की सेल्फ, बस चुकेल.” तो मारतो. दिवा विझायच्या आधीच. गाडी पांढरा धूर ओकते, थरथरते, तीन सिलिंडरांवर लंगडत उभी राहते. तुम्हाला कारण ठाऊक आहे, पण तुम्ही इथले पाहुणे आहात, गप्प बसा. चौदा माणसांच्या मतापुढे तुमचं मत कोण ऐकणार.

एक छोटा थांबा आणखी, मग घरी. नोव्हेंबर २०१९, लेह. आजूबाजूच्या डोंगरांवर नुकता बर्फ पडलाय. याच महिन्यात लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आलं, पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं, उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहतं राहणारं. याआधी इथले ड्रायव्हर डिझेलमध्ये रॉकेल मिसळत होते, हॅम्बुर्गच्या म्हाताऱ्यानं पेट्रोल ओतलं तसंच. पंपावर ट्रकांची रांग आहे. एक नवी गाडी येते, ड्रायव्हर बटण दाबतो आणि ती लगेच सुरू होते. तिच्याही डोक्यात प्लग आहेतच, फक्त ते दोन-तीन सेकंदांत लालबुंद होतात आणि त्यांचा विचार गाडीतला संगणक करतो. त्या ड्रायव्हरला स्मृती-मिनिट सांगितलं तर तो कुणाच्या स्मृतीसाठी म्हणून विचारेल. रुडॉल्फ डिझेल १९१३ च्या सप्टेंबरात एका रात्री बोटीवरून समुद्रात नाहीसा झाला, त्याचं काय झालं यावर आजही वाद आहे, वगैरे सांगायला वेळही पुरायचा नाही. गाडी निघून गेलेली असेल.

चपला घाला, आलात घरी.

तुमच्याकडे किंवा तुमच्या शेजारी अजून एखादी जुनी ट्रॅक्स, जीप किंवा अँबॅसिडर डिझेल असेल तर एक विनंती. आपल्या हवेत हीटर प्लगाची गरज वर्षातून दहा-पंधरा सकाळी पडते, म्हणून एकेक करून ते मरतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. माळ वेगवेगळी जोडलेली असल्यानं अंधार होत नाही, एवढाच काय तो फरक. दिवाळीत गाडी धुवाल तेव्हा मीटर लावून चारही प्लग तपासून घ्या, एकेक करून, आणि चालत नसतील ते बदला. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि बोटं गोठायचीही भीती नाही.